फुएन्तेपार्दाचा खिळा

पहाटेचे पाच वीस.
चर्चच्या तिसऱ्या पायरीत ठोकलेला पितळी खिळा
हिमानं पांढरा पडलाय.
बाहीनं पुसून त्यावर यंत्र ठेवते,
तिन्ही स्क्रू चिमटीनं फिरवते.
पाणसळीतला बुडबुडा मधोमध येऊन ठरेपर्यंत
कुणी बोलायचं नाही.
एउलालिया खोकला गिळते.
इनीगो पाय आपटायचा थांबतो.
मग आकडा येतो,
दोरोतेआ तो पेन्सिलीनं टिपून घेते,
बॉलपेन या थंडीत मुकं होतं.

पृथ्वी इथं किती ओढते, एवढंच विचारायचं असतं.
उत्तर दशांशचिन्हाच्या फार पलीकडे जाऊन बसलेलं.

मग गाडी.
यंत्र मागे टाकता येत नाही, खड्डे सोसत नाहीत त्याला.
ते माझ्या मांडीवर, कांबळ्यात गुंडाळलेलं,
अंगात कणकण असलेल्या लेकरासारखं कोमट.
सव्वीस थांबे, एकशे बारा किलोमीटर,
आणि रात्र पडायच्या आत परत याच खिळ्यावर.
नाहीतर दिवस फुकट.

मालागाहून चेलो फोन करते,
चैन आहे बाई तुझी, सारखी फिरतीवर.
तेरुएलचे मनोरे पाहिलेस?
पाहिले ना.
दोनदा, गाडीच्या काचेतून,
सिग्नल लाल होता तेवढा वेळ.

अकराव्या थांब्यानंतर सरोवर लागतं.
इनीगोनं रात्रीच सांगून ठेवलेलं,
नोव्हेंबर आहे, क्रौंच उतरलेत, एकदा तरी थांबूया.
मी म्हटलं होतं, सात मिनिटं.
एउलालियानं इंजिन बंद केलं.
आधी फक्त आवाज, हजार दारांच्या बिजागऱ्या
एकदम कुरकुरल्यासारखा,
मग करडं आभाळ पाण्यावरून सुटून वर गेलं.
दोरोतेआच्या तोंडात अर्धा पाव तसाच.
आणि मी?
मी मांडीवरचं यंत्र सांभाळत होते,
आणि घड्याळ.
नऊ मिनिटं झाली. कुणी बोललं नाही,
मीसुद्धा नाही.

एकोणिसावा थांबा निकानोरच्या कुरणात.
दोनशे मेंढ्यांचे खूर जमिनीत वाजत राहतात,
बुडबुडा काही केल्या बसेना.
त्याला विनवलं, कळप जरा लांब नेता का?
त्यानं एक शीळ घातली, कुत्र्यानं उरलेलं केलं.
मग तोच जवळ येऊन वाकला.
किती भरलं माझ्या जमिनीचं वजन?
आकडा खाली आला होता, बराच खाली.
मी पुन्हा घेतला. तेवढाच.
म्हटलं, इथं खाली पोकळी असावी,
पाण्यानं जिप्सम विरघळून गेलं असेल.
असावी कसली, तो म्हणाला,
चुलत्याचं खेचर इथंच गेलं,
जीनासकट.
तो काठीनं जागा दाखवतो.
आमच्या नकाशापासून तीन पावलांवर.

परतीच्या वाटेला कुणी गाणं लावत नाही.
गाव येतं तेव्हा पायरीवर एकच दिवा,
आणि तोच खिळा.
सकाळचा आकडा आणि आत्ताचा
कधीच जुळत नाहीत.
गाव हललेलं नसतं.
दिवसभर हिंडून यंत्रच थोडं सरकलेलं असतं,
तो फरक मोजायचा आणि सव्वीस थांब्यांत
ज्याचा त्याला वाटून टाकायचा,
नऊ मिनिटांचासुद्धा.

वडील कादिझच्या मासळीबाजारात तराजू दुरुस्त करायचे.
रिकामं पारडं आधी बघ, म्हणायचे.
घर सोडून एक्केचाळीस दिवस झाले.
दाराच्या उंबऱ्यावर उभी राहिले
तर काय आकडा येईल, कोण जाणे.

स्क्रू फिरवते. बोटं आता माझी वाटत नाहीत.
बुडबुडा येतो, येतो, मधोमध,
दोरोतेआ पेन्सिल टेकवते,
आणि पहाटेपासून गिळलेला खोकला
एउलालियाला आत्ता येतो.

तो पूर्ण होऊ देतो आम्ही.
मग पुन्हा, पहिल्या स्क्रूपासून.