खुर्च्या वगळून

तीन क्रेडिट कमी पडत होते, म्हणून घेतलं.
केमिकल इंजिनिअरिंगच्या यादीत अगदी तळाला:
ड्रॉइंग वन, मंगळवार-गुरुवार, सकाळी आठ ते पावणेअकरा,
पूर्वानुभवाची अट नाही.

मला तर पूर्वानुभव होता.
सातवीत एलिमेंटरी, आठवीत इंटरमिजिएट, दोन्हीत ए ग्रेड.
भुसावळला झोपे सरांनी घोटून घेतलेला माठ,
माठाखाली चुरगळलेला टॉवेल, शेजारी दोन कांदे, एक वांगं.
उजेड नेहमी डावीकडून यायचा,
खिडकी उजवीकडे असली तरी.

डलूथ. फेब्रुवारी.
ह्याला सरोवर म्हणतात, पण पलीकडचा काठ काही दिसत नाही.
स्टुडिओ तळघरात. दारात बुटांचं काळं पाणी,
आत टर्पेन्टाइन आणि ओल्या लोकरीचा वास.
मधोमध टेबलावर खुर्च्यांचा ढीग,
एकीच्या पायात दुसरीची पाठ,
लग्न उरकल्यावर मंडपवाल्याने टेम्पोत कोंबाव्यात तशा.

मार्लिस हॉगन, पासष्टीची, कमरेला फडकं खोचलेली,
म्हणाली, खुर्च्या काढू नका.
खुर्च्यांच्या मधली हवा काढा.

मला वाटलं, माझं इंग्रजी कमी पडलं.
म्हणून मी खुर्ची काढली.
झकास काढली. डावीकडून उजेड,
पायांखाली सावली, सावलीला आतून हलका हात.
ती मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ.
मग म्हणाली, सुंदर आहे.
ह्यातली कुठली ही?

मी ढिगाकडे पाहिलं.
तिथे सगळ्या बिनहातांच्या, लाकडी, कँटीनमधून टाकून दिलेल्या.
माझ्या कागदावर हातांची, वेताने विणलेली,
हेडमास्तरांच्या केबिनमधली.
स्थिरचित्राच्या पेपरात
मी स्मरणचित्र लिहून आलो होतो.

पुढचे तीन आठवडे फक्त हवा.
तिने प्रत्येकाला राखाडी खोडरबराचा गोळा दिला होता,
कणकेसारखा. मी तो तिंबत बसायचो.
नोएल डीफो रात्रपाळी करून यायची,
नर्सिंगहोममधून थेट, ईझलआड डुलक्या काढायची,
आणि कोळशाचा ठिपका तिच्या कपाळावर.
ट्रॅव्हिस कॉरिगन हॉकीवाला, उजवा हात प्लास्टरमध्ये.
तो डाव्या हाताने काढायचा,
रेघ अशी, जणू कुणी बसमध्ये सही करतंय.

मग सगळ्यांची चित्रं भिंतीवर टाचली,
आणि सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे.
माझ्यात हवा होती, नीट, मापात,
फटींच्या कडा अशा की ब्लेडने कापाव्यात.
ट्रॅव्हिसच्यात वेडीवाकडी काळी भोकं होती नुसती,
आणि भोकांच्या मधे, कुणी न काढलेल्या,
खुर्च्या.
पडायला आलेल्या. वजनदार.
कसं केलंस, मार्लिसने विचारलं.
काही नाही, तो म्हणाला, भोकं मोजली. एकोणतीस आहेत.
मी मोजली. अठ्ठावीस भरली.
एक फडक्यामागे लपलेलं होतं, ते नंतर सापडलं.

मला बी मायनस.
त्या दुपारी मेसमध्ये काट्याच्या दातांमधून
पलीकडच्या मुलीचा पिवळा स्वेटर दिसत होता, तीन पट्ट्यांत.
कालव्यावरच्या पुलाच्या लोखंडातून
आभाळाचे त्रिकोण. एक त्रिकोण अर्धा धुराने भरलेला.
अंगठा काळा तो काळाच, साबणाने जात नाही.

रात्री वहीत उगाच माठ काढायला घेतला
आणि हात थांबला.
माठ आणि अलीकडचा कांदा, ह्यांच्या मधे
एक फट असायची, वर अरुंद, खाली रुंद.
त्या फटीत काय दिसायचं?

भिंत नाही. भिंत लांब होती.
झोपे सर टेबलामागे उभे राहायचे,
पूर्ण तास, हलायचे नाहीत,
आणि त्या फटीत नेमका त्यांच्या पँटचा गुडघा यायचा.
चाळीस पोरांनी दोन वर्षं
तिथे पांढरा कागद कोरा सोडला.

खाकी होती की राखाडी, आठवत नाही.
इस्त्रीची घडी होती, एवढं नक्की.
आणि भार डाव्या पायावर.