शिशावरचं पाऊल

किल्ली कुंडीखाली असते हे साऱ्या ऑल्डरवेलला ठाऊक आहे,
म्हणून हेस्टर कॅचपोल ती ॲप्रनच्या खिशात ठेवते.
वीतभर लोखंड. खिसा तीनदा शिवलाय.

दार आधी खांद्याने, मग गुडघ्याने.
आत दोन पायऱ्या उतराव्या लागतात,
कारण बाहेरची जमीन चढत गेली आहे.
आठशे वर्षं हे गाव आपली माणसं
याच कुंपणाच्या आत पुरत आलंय.

बुरूज गोल. कोपऱ्यांना घडीव दगड लागतो
आणि इथल्या नांगराला लागते ती नुसती गारगोटी,
तेव्हा त्यांनी कोपरेच ठेवले नाहीत.

उत्तरेच्या भिंतीचं पोट सुटलंय,
दोन टेकू तिला काखेत हात घालून उभं धरतात.
दक्षिणेला दगडावर खिळ्याने कोरलेली सावलीघडी.
काटा कधीच गळाला, त्याच्या भोकात
गांधीलमाशी भाड्यावाचून राहते.
पाद्र्यांच्या नावांच्या फळीवर
तेराशे एकोणपन्नास या एका सालापुढे तीन नावं,
तिन्ही सारख्याच वळणदार अक्षरात.
रंगाऱ्याला घाई नव्हती.

हे सगळं हेस्टर पाहुण्यांना दाखवते.
वर मात्र बोट करत नाही.

वर शिशाचे पत्रे होते.
ते घालणाऱ्या प्लंबरने, काम संपल्यावर,
बूट पत्र्यावर टेकवून भोवती सुरीच्या टोकाने रेघ ओढली होती.
चौकोनी नाक, बकलाची खूण,
आत दोन अक्षरं आणि सतराशे एक्केचाळीस.
कुणा संताच्या पादुका नव्हेत. मजुरी मिळाली, एवढंच.

वडील घड्याळाला किल्ली द्यायला चढत,
नऊ वर्षांची हेस्टर त्यांच्या मागे.
तिने बूट काढून त्या बुटात पाय ठेवला.
शिसं उन्हाने तापलेलं. टाचेला चटका बसला,
तो तिने आईला सांगितला नाही.
दर उन्हाळ्यात ती मापून यायची.
चौदाव्या वर्षी अंगठा रेघेला टेकला
आणि मग तिचं वर जाणं सुटलं.

गेल्या नोव्हेंबरात धुक्यातून एक पांढरी व्हॅन आली.
पत्रे त्यांनी सतरंजीसारखे गुंडाळून नेले.
कुत्री भुंकली, शेजारच्या ऑस्बर्नला वाटलं, कोल्हा असेल.
पहाटे पाऊस.
कुठेतरी भंगाराच्या काट्यावर
तो बूट किलोच्या भावाने गेला असेल.
हेस्टरने सात बादल्या मांडल्या.
आठवी गळती बाप्तिस्म्याच्या कुंडात पडत होती,
ती तिने तशीच राहू दिली.

विम्याच्या कागदांत वसंत गेला. जूनमध्ये झेनॉन आला,
पोलंडचा, अबोल, गुडघ्यांना चामड्याच्या गाद्या बांधलेला.
नवं छप्पर स्टीलचं.
चोरायच्या लायकीचं नाही, आणि त्यावर रेघही उमटत नाही.
फक्त बुरुजाच्या सांध्याशी पाणी वळवायला
हातभर शिसं लागतंच.

गोष्ट त्याला गावात चौघांनी चार तऱ्हांनी सांगितली होती.
तो म्हणाला, बाई, पाय ठेवा.
ती म्हणाली, "मी काय केलं? बादल्या उचलल्या.
ज्याने छप्पर घातलं त्याचा पाय."

त्याचा बूट पोलादी नाकाचा, नंबर शेहेचाळीस,
हातभर शिशात आडवा मावेना.
त्याने तिरका ठेवून पाहिला,
तरी टाच स्टीलवर गेली.
आणि वाकून स्वतःच रेघ ओढायची तर पाय हलतो.

म्हणून एकोणऐंशी वर्षांची बाई
छपरावर गुडघे टेकून बसली
आणि दोन्ही हातांनी तिने त्याचा घोटा धरला.
खालून ऑस्बर्न शिडी धरून ओरडत होता, झालं का, झालं का.

टाच नाहीच आली.