कप्पे

वाल्पाराइसोत पहिला प्रश्न मी पायऱ्यांचा विचारतो.
रोज किती चढता? दोनशे? तीनशे दहा?
मग खांदा कुठला. मग हत्यारं.
रंग शेवटी, आणि माझ्याकडे तो एकच आहे,
बंदरात टाकून दिलेल्या शिडांचा,
ज्याला पांढरा म्हणायचं धाडस आता कुणी करत नाही.

सुतारांना पेटी हवी असते.
पटाशीला पटाशीचं घर, रंध्याला रंध्याचं,
वर झाकण. झाकणावर बसून दुपारचा पाव खाता येतो
हे ते सांगत नाहीत,
पण पेटी पसंत करताना आधी बसून बघतात.

गवंड्याला बादली पुरते.
बादलीवर माझा धंदा चालत नाही, तरी खरं ते सांगतो:
जाताना थापी, ओळंबा, सुतळी,
येताना त्यातच बायकोनं सांगितलेले बटाटे.

एर्मिंदा ओयार्सून विजेच्या खांबांवर चढते.
तिला कमरेचा पट्टाच लागतो,
हात मागे नेला की न बघता पक्कड सापडली पाहिजे.
"बघावं लागलं तर ते कपाट," ती म्हणते, "पट्टा नव्हे."
तिच्यासाठी तीनदा उसवलं. अर्ध्या बोटाचा फरक.
पैसे एकदाच घेतले.

आणि तो पोरगा, खालच्या मोठ्या दुकानातून
चाकांची पेटी घेऊन आलेला. लाल, तीन मजली, कुलपासकट.
छान आहे, म्हटलं. चाकं वर कोण नेणार?
हसला. आठवड्यानं आला पट्टे शिवून मागायला.
आता ती पेटी त्याच्या पाठीवर बसून टेकडी चढते.
चाकं आभाळाकडे.

नोल्बेर्तो ओर्मेन्यो माझा सगळ्यात जुना. प्लंबर.
पहिल्या पिशवीला अकरा कप्पे,
तळाला दुहेरी कातडं, कारण भरलेली पिशवी
तो ठेवायचा नाही, टाकायचा.
दहा वर्षांनी म्हणाला, मोठा पाना घरी ठेवलाय,
त्याचा कप्पाही काढ.
राहू दे की मोकळा, मी म्हटलं.
"मोकळा कप्पा मोकळा राहत नाही.
काहीतरी येऊन बसतं त्यात,
आणि वर मलाच न्यावं लागतं."

मग दर दोन-तीन वर्षांनी एक.
पाइपाची करवत गेली. आटे पाडायची डाय गेली.
गुडघे गेले; हे तो बोलला नाही,
मी दुकानाच्या पायरीवर ऐकलं.
भूकंपाच्या वर्षी मात्र धापा टाकत आला,
तीन कप्पे परत लाव, आजच्या आज,
सगळी टेकडी गळतेय!
लावले. हिवाळा संपल्यावर काढले.
शेवटी उरला एक पाना, तागाची गुंडी आणि चष्मा.

गेल्या मंगळवारी त्याची मुलगी आली, फ्रेसिया.
तीही तेच काम करते, पलीकडच्या टेकडीवर.
पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. टाकली नाही.
मी दाभण उचललं: किती लावायचे?
"लावू नका. नुसतं सांगा, कुठे काय होतं."

जिथं कप्पा होता तिथलं कापड अजून कोरं आहे,
बाकी सगळं ग्रीसनं, घामानं, हातांनी काळवंडलेलं.
ती बोट ठेवत गेली, मी नावं घेत गेलो.
इथं मोठा पाना. इथं करवत.
डाय जड, म्हणून खाली.
हा आडवा, कानशीचा.

मग झडपेच्या आतल्या अंगाला, शिवणीलगत,
आगपेटीएवढा एक चौकोन.
टाके माझेच. गाठ माझीच, उलटी.
कधी लावला, कधी काढला, त्यात काय होतं,
काही केल्या आठवेना.

ती जरा वेळ बोट तिथंच ठेवून उभी राहिली.
मग म्हणाली, पट्टा चार बोटं आखूड करून द्या.
देतो, म्हटलं. तुला पायऱ्या किती?
मोजल्या नाहीत कधी, म्हणाली.