लाटेला रकाना नाही

बंदर कप्तान खात्याने मला दिलं ते असं:
प्लास्टिकची खुर्ची, एक शिट्टी,
दोऱ्याने बांधलेलं पेन, रेघा मारलेली वही.
आणि लाल रंगवलेले दोन बांबू,
एक मानशीच्या तोंडाशी, दुसरा वरच्या वळणावर,
मधे मोजून शंभर मीटर.
बोट पहिल्या बांबूशी आली की घड्याळ बघायचं,
दुसऱ्याशी गेली की परत.
चाळीस सेकंदांच्या आत गेली तर नंबर लिहायचा.
रोजंदारी. रविवार धरून.

कुंभारजुव्याच्या कालव्यात पाणी तसं सभ्य.
भरतीला येतं, ओहोटीला सांगून गेल्यासारखं जातं.
भोमच्या बांधाशी त्याचा जुना करार आहे:
पाय चाटायचे,
आतल्या कोरगुटाकडे बघायचं नाही.
वल्ह्यांनी तो कधी मोडला नव्हता.

कायतान बार्ज घेऊन येतो, खनिजाने काठोकाठ भरलेली.
वळणाआधीच इंजिन असं पाडतो
की कुणाच्या दारात मयत असावं.
छप्पन्न सेकंद. कधी साठ.
त्याच्या आईचं शेत पलीकडच्या काठाला होतं.
होतं, असंच म्हणतो तो.

मग मगर दाखवायच्या बोटी.
मगर चिखलात तोंड उघडून पडलेली,
तिला कसली घाई?
पण बघायला येणाऱ्यांना चार वाजता दुसरीकडे जायचं असतं.
बावीस सेकंद. एकोणीस.
शिट्टी इंजिनाखाली बुडते.
लोक मला हात करतात. मीही करते, काय करणार.

एक गोष्ट वहीत लिहिता येत नाही.
लाट बोटीबरोबर येत नाही.
बोट वळते, हसणं विरतं, पाणी गप्प होतं,
वाटतं, झालं.
मी मोजलंय, मनात अकरा म्हणेपर्यंत
ती खारफुटीची मुळं हलवत पोचते,
खेकड्यांच्या बिळांत शिरते,
आणि खरवसाची वडी सुटावी तशी
बांधाची एक वडी सुटते.
थप्प.
नंबर, वेळ, सेकंद, शेरा.
लाटेला रकाना नाही.
जो ती सोडतो तो पुढे बघत असतो,
त्याने स्वतःची लाट जन्मात पाहिलेली नसते.

पावसानंतर खालचा बांबू दोनदा मागे घेऊन रोवला.
साहेबांनी टेप लावून पाहिली, म्हणाले, ठीक, शंभरच आहेत.
शंभरच आहेत.
बांधावरून दोघी टोपल्या घेऊन शेजारी चालायच्या,
आता एकीला थांबावं लागतं.

एकोणीस सेकंदवाला शाणू, माझा धाकटा दीर.
लिहिला. तीनदा लिहिला.
तिसऱ्यांदा दंड आला तेव्हा रात्री ताटावर बसून म्हणाला,
"वहिनी, बोटीचा हप्ता तू भरणार आहेस?"
मी हुमण वाढलं. त्याने भात तेवढा खाल्ला.

पौष अवसेला मानगे थापायला सगळे बांधावर आले.
शाणूही, दरवर्षीसारखा, खुब्यांच्या शिंपल्यांची टोपली घेऊन.
ओल्या चिखलाची मगर करायची,
पाठीवर शिंपल्यांचे खवले, पोटात अंडं,
म्हणजे ती बांध राखते.
गेल्या वर्षीची जागा तो शोधत राहिला,
माडाच्या थोटकापासून सात पावलं.
पाचव्या पावलाला त्याची चप्पल भिजली.
कुणी काही बोललं नाही. मगर अलीकडे थापली,
शेपूट वाकडी करावी लागली, जागा पुरेना.

परवा आला, बोट बांधून, हातात पोदेराचे गरम उंडे.
मी उठले, खुर्ची त्याला दिली.
वरून एक बोट आली, त्याची नव्हे, दुसऱ्या कुणाची.
"एकवीस," तो म्हणाला. मी लिहिलं.
बोट दिसेनाशी झाली.
पाणी आरशासारखं. एक किलकिला परत फांदीवर बसला.
शाणू उठायला लागला.
"बस," मी म्हटलं.
"अजून आली नाही."