ताळा

पोस्टात एकतीस वर्षं बचतखात्याच्या खिडकीवर होतो.
संध्याकाळी एक रुपया जरी कमी निघाला
तरी कुलूप लागायचं नाही.
पोस्टमास्तर चहा मागवायचे
आणि आम्ही पुन्हा पहिल्या पानापासून.
म्हणून तर अमळनेरच्या आमच्या साळी गल्लीनं
वही माझ्याकडे दिली.

वहीत पैसे नाहीत, तास आहेत.
मुश्ताक पिंजारी, गादी उसवून पुन्हा भरली : तीन तास जमा.
इंदूताई बडगुजर, बोरशांच्या पोराचं गणित : एक तास जमा.
लोटन भावसार, अध्यक्ष : चाळीस तास नावे.
कंबर गेलीय त्यांची. तरी दर वर्षी तेच निवडून येतात,
भांडण त्यांच्या ओट्यापर्यंत आलं की दमतं.

तास म्हणजे तास, हा नियम पहिला.
वकिलाचा आणि धुणंवालीचा सारखाच.
वकीलसाहेब दीड वर्ष फिरकले नाहीत,
मग घरात आजारपण आलं
आणि एका सकाळी चपला काढून मुकाट्यानं पायरीवर बसले.

गल्लीतल्या जुन्या बाया तेव्हा हसल्या होत्या.
बिबडे लाटायला आम्ही सात घरं फिरतो,
ते काय वहीत लिहून?
लोटनभाऊ म्हणाले, तुमची सावड तुमच्यात.
जी भाड्याच्या खोलीत नवी आली,
जिला लाटणं घेऊन ये म्हणून कोणी हाकच मारत नाही,
वही तिच्यासाठी.

वैशाखात झेंडूबाई साळी गेल्या.
जमा एकशे बारा, नावे दोन.

शाळेच्या व्हरांड्यात मंडळाची बैठक.
लाईट गेलेली. बोरी कोरडी, वाराही तिच्यासारखाच.
नियम सात : तास वारशानं जात नाहीत.
लिहिला मीच होता,
पोस्टातल्या कुठल्याशा फॉर्मवरून उतरवून.

इंदूताई म्हणाल्या, मुलाला तरी विचारा.
सुरतला फोन लागला. मागे लूमचा खडखडाट,
त्यातून त्याचा आवाज, शब्द तुटत तुटत :
"आठे बारा तास मशीनवर उभा राहस मी,
त्यामा एक बी मना नही.
मायना तास लिसन मी काय करू, आबा?"
मग बराच वेळ नुसता लूम ऐकू येत राहिला.

रद्द करा, कोणीतरी म्हणालं.
मुश्ताक पुठ्ठ्यानं वारा घेत होता, थांबला.
"झालेले तास रद्द कसे होतात?
माझ्या आईला शेवटी त्यांनीच भरवलं.
ती आता परत उपाशी का?"

मी पान उघडलं. टॉर्च धरला.
नावे दोन. एक, लाईटबिल वाचून घेतलं.
दुसऱ्यापुढे कामाचा रकाना कोरा.

आठवलं.
काम काय लिहू, विचारलं होतं मी.
"काम काही नही से भाऊ,
नुसतं जोडे बठाले कोनी पाहिजे."
त्या दुपारी मोकळा मीच होतो.
त्या दादर निवडत होत्या, मी खडे मोजत होतो,
एक शब्द बोललो नाही आम्ही.
घरी येऊन तो तास
स्वतःच्या नावावर जमा केला, नियमानं.

बैठकीत हे सांगितलं नाही.
ठराव : पुढील बैठकीत विचार व्हावा.
लोटनभाऊ तोवर बाकावर आडवे झाले होते.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या खोलीतली मुलगी आली.
आजोबा एकटेच आहेत, आई शेंगा फोडायला गेलीय,
मला पेपर आहे,
पण आमचा तर एकही तास जमा नाही.

आहेत, म्हटलं.

झेंडूबाईंच्या पानावर एक तास नावे टाकला.
आजोबांजवळ बसलो.
ते पंख्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे.
जमेचा रकाना सोडून दिला.

संध्याकाळी बेरीज मारली. एक तास कमी.
पुन्हा मारली. कमीच.
वही मिटली, घरी गेलो,
भरीत होतं, जेवलो.