किलोला अकरा

खानापुरात समुद्र नाही.
मलप्रभासुद्धा जवळच्या दर्याकडे पाठ करते
आणि पूर्वेला, लांबच्या पाण्याकडे निघून जाते.
तरी माझ्या जुन्या नमुन्यात
जांबोटीचं रान, स्टेशन रोडची बेकरी,
गच्चीवरचं आईचं वाळवण
आणि काणकोणपुढचं खारं पाणी
एकाच चौकोनात बसतं.
शंभर किलोमीटर लांब, जवळपास तेवढाच रुंद.
चौकोन जमीन म्हणायचा की दर्या
ते एक आकडा ठरवतो, शून्य किंवा एक.
तारीख पडत नाही, मोर्चा निघत नाही.

रात्री वीज टिकली तर
बारा नमुने शतकाच्या टोकाला जाऊन येतात.
पाणी तापणार, यावर बाराही एकमत.
किती, यावर भांडण.
खोलातला प्राणवायू विरळ होत वर सरकतो,
सूक्ष्म शेवाळाचा हिरवा डाग
नऊ नकाशांत आकसतो,
तिघांत नाही.
मी सरासरी काढते.
सरासरीला कल्ले नसतात.

बाजारादिवशी यल्लूबाई
चोर्ल्याचा घाट चढून आलेलं खोकं फोडते.
बर्फ अर्धा पाणी झालेला.
"काय गं, तू म्हणे दर्या बघतीस संगणकात.
बांगडा येतोय का जातोय?"
ते भाकीत नसतं मावशी, मी म्हणते,
धूर असाच राहिला तर असं,
कमी झाला तर तसं.
"असू दे जर-तर. खरं,
वजन कशावर करतीस?"

आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.
प्रबंधात प्रत्येक वाक्यामागे
मला हाच शब्द हवा होता.

ती तराजू उचलते.
"आधी किलोला सहा चढायचे. मग आठ.
औंदा अकरा. बघ मोजून."
मोजते. अकराच.
एकही वीतभर भरत नाही,
डोळे मात्र पूर्ण वाढलेले.

वहीत लिहिलं: तारीख, घाट, दर, अकरा.
घरी येऊन रकाना शोधत बसले.
तापमान आहे, क्षारता आहे,
आम्लता तर दशांशाच्या चार घरांपर्यंत.
यल्लूबाईचा काटा कुठंच बसेना,
शेवटी कडेला, समासात ठेवला.

पडद्यावर सन एकवीसशे
लालसर होऊन थांबलेलं.
आतून आई विचारते,
कालवणाला तुकडे किती करू?

तुकडे कसले,
अख्खेच घाल.