आयर्विनला किती?

तीन दिवसांचं प्रशिक्षण, सिव्हिलच्या मागच्या हॉलमध्ये.
आम्ही बावीस जण : समुपदेशक, सिस्टर, दोन वॉर्डबॉय,
आणि मिरजेहून आलेल्या मुजावर बाई,
ज्यांनी आल्या आल्या फळा पुसला
आणि त्यावर काहीच लिहिलं नाही.
खुर्च्या तेवढ्या हलवायला लावल्या.
म्हणाल्या, पेशंट आणि दार यांच्या मध्ये
कोण कोण बसतं, हात वर करा.

मी एकोणीस वर्षं बसते.
टेबल तिथंच आहे म्हणून. पंखा तिथंच आहे म्हणून.

दुपारी भडंग आणि चहा.
कोळेकर सिस्टर म्हणाल्या, एवढं कुठं जमतंय बाई,
ओपीडीला साठ पेशंट, खोली एक,
आणि वजनकाटाही त्याच खोलीत.
साठातल्या एकाला तरी
हात लावण्याआधी विचारा, मुजावर बाई म्हणाल्या,
आणि भडंगातला लसूण वेचून खात बसल्या.

दुसऱ्या दिवशी खेळ :
समोर दिसतील त्या पाच वस्तू सांगायच्या,
त्यानं श्वास जाग्यावर येतो म्हणे.
पंखा. पाण्याची बाटली. सिस्टरांची चप्पल.
चौथी भिंतीवर होती,
खिडकीच्याही वर, दोनदा रंग देऊन उमटलेली
तपकिरी आडवी रेघ.
पाचवी मला सांगता आली नाही.

भूपाल मगदूम. वय बावन्न.
पूर ओसरून आठ महिने झालेले. एप्रिल,
नदीत गुडघाभर पाणी,
आणि हा तासातासाला विचारायचा,
"बाई, आयर्विनला किती हाय वो?"
वॉर्ड हसायचा. कुणीतरी ओरडायचं, पंचावन्न फूट, पळ!
तो पळायचा.

मी केसपेपरवर लिहिलं : स्थळकाळाचं भान नाही.
नियमाप्रमाणे पायजम्याची नाडी काढून घेतली,
रजिस्टरवर सही माझी आहे.
नाडीसाठी तो रात्रभर ओरडला.
पहाटे चौघांनी धरून इंजेक्शन दिलं.

नाडी कशाला, ते कुणी विचारलं नाही.
डिस्चार्जच्या दिवशी त्याच्या भावजयीनं सांगितलं, सहज,
रिक्षात पिशवी ठेवता ठेवता :
गोठ्यात दोन म्हशी. पाणी छातीला लागलेलं.
दावं भिजलं की गाठ आवळत जाते.
एक सुटली. दुसरीची सुटंना.
तवापासनं घावल त्या दोरीला गाठ मारत्यात
आन् सोडत बसत्यात.
सुटली की झोपत्यात.

सुटली की झोपत्यात.
औषध त्यानं स्वतः शोधलं होतं.
मी ते पाकिटात घालून, वर नाव लिहून,
कपाटात ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी मुजावर बाईंनी विचारलं,
कुणाला काही बोलायचंय?
मी मान हलवली, नाही.
त्यांनी पुन्हा विचारलं नाही.
हेही शिकवणंच असावं.
प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलं होतं.
जिन्यात उभी राहून मगदूमांचा नंबर लावला,
तो आता वापरात नाही.

सोमवारी टेबल फिरवलं, मी आणि शिपाईमामांनी.
फरशीवर चार पायांचे चार चौकोन उरले, स्वच्छ.
कुपवाडहून एक बाई आली, पोरसवदा,
केसपेपर मुठीत चुरगळलेला.
काय होतंय, हे ओठावर आलेलं गिळलं.
म्हटलं, दार उघडं ठेवू की लावून घेऊ?
तिनं दाराकडं पाहिलं, माझ्याकडं, परत दाराकडं.
"अर्धं," म्हणाली.

आमचं दार अर्धं राहत नाही,
पुरात फुगलंय, आपोआप मिटतं.
प्रशिक्षणाची फाईल घडी करून खाली सरकवली.
मग बसलो दोघी.
ती बराच वेळ दारच बघत होती.
मी घड्याळाकडं पाहिलं नाही.
पाहिलं, एकदा.
बाहेर अठ्ठावन्न जण होते.